निवडीचा जमाखर्च

व्यापाऱ्याच्या वहीत कारणावाचून नोंद नसते. रकमेसमोर तपशील आणि तपशिलामागे पावती, ही शिस्त ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेली, त्याच घरांत चित्रकलेविषयी मात्र एक समज घट्ट बसलेला असतो. चित्र म्हणजे मनाची लहर. ते सुचते किंवा सुचत नाही. त्याचा हिशोब मागू नये आणि अर्थातच त्यावर पोटही अवलंबून ठेवू नये. सांगलीच्या गणपती पेठेतील हळदीच्या एका जुन्या पेढीवर, दिवाळीच्या सुटीतील एका संध्याकाळी, या समजाची जी उलटतपासणी झाली ती अनेक घरांना विचार करायला लावील अशी आहे.

पेढीच्या मालकांची नात पुण्यात ग्राफिक डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. बारावी वाणिज्य शाखेतून उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाल्यावर तिने सनदी लेखापाल व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. मुलीच्या हट्टापुढे त्यांनी दोन वर्षांचे शुल्क भरले. तिसऱ्या वर्षाविषयी मात्र ‘दिवाळीत बघू’ एवढेच सांगून ठेवले होते. आजोबांनी तोवर होकारही दिला नव्हता आणि नकारही. दुकान वाढवल्यावर, म्हणजे त्या दिवसापुरते बंद केल्यावर, त्यांनी नातीला गादीवर बोलावले आणि म्हणाले, “तुझे वर्गातले काम दाखव. पण नुसते दाखवू नकोस. प्रत्येक ठिकाणी असेच का केलेस, ते सांग.”

मुलीला या प्रश्नाची सवय होती. तिच्या महाविद्यालयात प्रत्येक प्रकल्पासोबत एक वही द्यावी लागते. तीत अंतिम चित्राइतकेच महत्त्व टाकून दिलेल्या चित्रांना असते. कोणता पर्याय का घेतला आणि कोणता का सोडला, हे परीक्षकांपुढे उभे राहून सांगावे लागते. ती वही तिने आजोबांपुढे उघडली. वडील पलीकडे मोबाइल पाहत बसले होते, पण त्यांचे कान इकडेच होते.

पहिला प्रकल्प चिन्हाचा होता. आपल्या गावातील एखाद्या व्यवसायासाठी चिन्ह तयार करावे; ते एकाच रंगात आणि नखाएवढ्या आकारातही ओळखता आले पाहिजे, अशी अट होती. मुलीने अर्थातच हळद निवडली. वहीच्या पहिल्या पानांवर हळकुंडाची चित्रे होती. त्यांवर काट मारलेली होती.

“हळकुंड का सोडलेस?” आजोबांनी विचारले.

“लहान केले की ते आल्यासारखे दिसते, आजोबा. नंतर पान काढून पाहिले. पण हळदीचे पान रेषेत काढले तर ते कर्दळीचेही वाटते. मग मला हरिपूरची पेवे आठवली.”

कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावरील हरिपूर येथे जमिनीखाली खोल पेवे खणून त्यांत हळद साठवण्याची पद्धत होती. वरचे तोंड अरुंद, आतले पोट प्रशस्त. मुलीचे चिन्ह म्हणजे त्या पेवाचा उभा छेद होता: अरुंद गळा, गोल पोट आणि वर जमिनीची एक आडवी रेघ. ती आडवी रेघ देवनागरी अक्षराच्या शिरोरेषेसारखी दिसते आणि संपूर्ण आकृती दुरून एखाद्या अक्षराचा भास देते.

“पण पेवे आता कोण वापरतो?” आजोबा म्हणाले. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरून झालेली नासाडी त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. “माल आता गोदामात असतो.”

“वापर कमी झाला, हे खरे. पण हळकुंड कोणत्याही गावाचे असू शकते, पेव सांगलीचेच. हे चिन्ह दुसऱ्या गावाने उचलले तर ते त्याला शोभणार नाही. म्हणून ते घेतले.”

आजोबांनी मान डोलावली. कारण पटले होते की नाही हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हते. पण कारण होते, एवढी नोंद त्यांनी मनात केली असावी.

चिन्हामागे असा विचार असतो, याची उदाहरणे आपल्या रोजच्या व्यवहारात आहेत; आपण ती पाहत असतो, वाचत नसतो. ज्या नोटा आपण मोजतो त्यांवरील रुपयाचे चिन्ह डी. उदय कुमार यांनी तयार केले, तेव्हा ते मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये डिझाइन या विषयात संशोधन करणारे विद्यार्थी होते. देवनागरी ‘र’ आणि रोमन ‘आर’ ही दोन्ही अक्षरे एकाच आकृतीत वाचता यावीत, म्हणून रोमन अक्षराचा उभा दांडा त्यांनी काढून टाकला आणि वर शिरोरेषा ठेवली. १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ते चिन्ह स्वीकारले. दूरदर्शनचे चिन्हही असेच. दोन वक्र आकार आणि मध्ये गोल, असा डोळ्याचा भास देणारी ती आकृती अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतील देवाशिष भट्टाचार्य या विद्यार्थ्याने वर्गातील कामाचा भाग म्हणून काढली होती. भारतीय स्टेट बँकेचे निळे वर्तुळ आणि त्यात खाली उतरणारी फट हे चिन्ह त्याच संस्थेतील शेखर कामत यांचे, १९७१ चे. पन्नास वर्षांहून अधिक काळ ते पासबुकापासून इमारतीपर्यंत प्रत्येक आकारात ओळखू येते. नखाएवढ्या आकाराची अट वर्गात का घालतात, ते यावरून ध्यानात यावे.

दुसरा प्रकल्प पाहून आजोबा थोडे पुढे सरकले. पानाची रचना कशी करावी, मजकूर कोठे बसवावा आणि जागा कोठे मोकळी सोडावी, यासाठी पानावर आधी अदृश्य रेषांची चौकट आखतात. ती चौकट आपल्या परंपरेतून शोधून काढा, असे वर्गात सांगितले होते. काहींनी पैठणीचा काठ घेतला, काहींनी वाड्याची खिडकी. या मुलीने घेतली होती पेढीवरील जुनी लाल वही.

त्या वहीत छापील रेघा नव्हत्या. पानाला उभ्या घड्या घालून रकाने पाडलेले. डाव्या अंगाला जमा, उजव्या अंगाला नावे. रकमेसाठी अरुंद जागा, तपशिलासाठी रुंद. शाई न वापरता केवळ घडीने पानाची विभागणी केलेली. मुलीने त्या घड्यांची मापे घेतली आणि त्याच प्रमाणात एका माहितीपत्रकाची रचना केली. अंक अरुंद रकान्यात, मजकूर रुंद रकान्यात, आणि दोहोंमध्ये एकही रेघ नाही. फक्त मोकळी जागा.

“रेघ का नाही?”

“तुमच्या वहीतही नाही, आजोबा. सगळे अंक एका ओळीत खाली खाली बसले की डोळा आपोआप रकाना पाडतो. मग रेघेची शाई कशाला खर्च करायची?”

आजोबा पहिल्यांदा हसले. “आमचे वडील हेच सांगायचे. एकाखाली एक आकडा बसला नाही, तर बेरीज चुकते.”

याच प्रकल्पाच्या टिपणात तिने आणखी एक गोष्ट लिहिली होती. पश्चिम भारतातील जुन्या जैन पोथ्या आधी ताडपत्रावर लिहिल्या जात. पाने दोऱ्यात ओवण्यासाठी त्यांना भोक पाडलेले असे आणि त्याभोवती जागा मोकळी सोडलेली असे. पुढे कागद आला, दोऱ्याची गरज राहिली नाही. तरी पोथीचा आडवा आकार आणि मधली ती मोकळी जागा कितीतरी काळ टिकून राहिली, आणि भोकाच्या जागी लाल ठिपका किंवा नक्षी येऊ लागली. ‘कारण संपले तरी निवड उरली’ असे तिने खाली लिहिले होते. शिक्षकांनी त्यापुढे प्रश्नचिन्ह काढले होते. ते का काढले, हे तिला तोवर उमगले नव्हते.

तिसरा प्रकल्प वेष्टनाचा होता, आणि तेथे वडिलांनी मोबाइल खाली ठेवला. कारण प्रकल्पासाठी तिने घरच्याच हळद पुडीचे २०० ग्रॅमचे पाकीट नव्याने रचले होते. योगायोगाने वडीलही नवे पाकीट छापून घेण्याच्या विचारात होते. गावातील एका छापखान्याने त्यांना एक नमुना दिलाही होता. बाजारात जोरात खपणाऱ्या एका पाकिटाचे रंग, अक्षरांचे वळण, स्वयंपाकघरातील चित्र, सारे इतके जवळचे घेतले होते की घाईत गिऱ्हाइकाने हातात घ्यावे. नाव तेवढे वेगळे.

मुलीने आपले पाकीट पुढे ठेवले. त्याचा रंग गडद निळा होता.

“हळदीला निळा?” वडील न राहवून म्हणाले.

“पप्पा, दुकानाच्या फळीवर हळदीची सगळी पाकिटे पिवळी असतात. पिवळ्यात पिवळे हरवते. निळ्यावर पिवळे चिन्ह लांबून उठून दिसते. आधी मी पाकिटाला पारदर्शक खिडकी ठेवली होती, आतला माल दिसावा म्हणून. पण उजेडात हळदीचा रंग उतरतो. माल दाखवण्यासाठी माल बिघडवणे बरोबर नाही, म्हणून खिडकी काढली.”

यानंतर तिने जे सांगितले, ते ऐकून पेढीवर क्षणभर शांतता पसरली. खिडकी काढल्यावर पाकिटावर हळदीचे छायाचित्र छापणे आले. छपाईत पिवळ्यात थोडी किरमिजी छटा वाढवली की हळद अधिक तेजस्वी दिसते. वर्गात बहुतेकांनी तसेच केले. तिने मात्र घरची हळद ताटलीत घेऊन छापील नमुना तिच्याशेजारी ठेवला आणि दोन्ही रंग जुळेपर्यंत छटा कमी केली.

“फिके दिसते,” वडील म्हणाले.

“आपली हळद अशीच दिसते, पप्पा. चित्रात जास्त पिवळी दाखवली तर गिऱ्हाईक पाकीट उघडून म्हणेल, माल हलका आहे. मग तो तेज पिवळी हळद मागेल. आणि तेज पिवळेपणासाठी लोक काय मिसळतात, ते तुम्हीच मला सांगितले होते.”

हळदीच्या धंद्यातील माणसाला अधिक सांगण्याची गरज नव्हती. लेड क्रोमेट या शिसेयुक्त पिवळ्या रंगाची भेसळ हा या व्यापाराला लागलेला कलंक आहे. आणि ती भेसळ गिऱ्हाइकाच्या डोळ्याला लावलेल्या चुकीच्या सवयीवरच पोसली जाते. पाकिटावरचे चित्र ही सवय लावते किंवा मोडते.

पुढे तिने बारकावे सांगितले. निव्वळ वजन आणि कमाल किंमत यांच्या अंकांची किमान उंची नियमाने ठरलेली असते; तिने ती त्याहून मोठी ठेवली होती, कारण वयस्कर गिऱ्हाइकाला चष्म्याशिवाय वाचता यावे. मराठी मजकुराच्या ओळींत तिने इंग्रजीपेक्षा जास्त अंतर ठेवले होते. कारण आपल्या अक्षरांना वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार असतात, आणि इंग्रजीच्या मापाने ओळी बसवल्या तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. इंग्रजीत अक्षरे सुटी करून शोभा आणतात. मराठीत तसे केले तर शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यात जावजी दादाजी यांच्या काळी देवनागरीचे खिळे घडवणाऱ्यांनी आणि आपल्या काळात संगणकासाठी ‘मंगल’ हा अक्षरसंच रचणाऱ्या र. कृ. जोशी यांनी याच प्रश्नांशी झुंज घेतली होती, हे तिच्या टिपणात होते.

हिरव्या चौकटीतील हिरवा ठिपका, जो आपल्या घरांत पाकीट उलटून आधी पाहिला जातो, तोही तिने वेष्टनाच्या मागे न ढकलता नावाजवळ घेतला होता. त्याविषयीची तिची माहिती आजोबांनाही नवी होती. पूर्वी मांसाहारी खूणही वर्तुळाचीच होती. फरक केवळ हिरव्या आणि तपकिरी रंगाचा. ज्यांना हे रंग वेगळे ओळखता येत नाहीत, त्यांच्या दृष्टीने दोन्ही ठिपके सारखेच. २०२० च्या लेबलविषयक नियमांत मांसाहारी खुणेतील वर्तुळाच्या जागी त्रिकोण आला. रंगाने जे सर्वांना सांगता येत नव्हते, ते आकाराने सांगितले.

आता आजोबांनी पाकीट हातात घेतले, चष्मा कपाळावर चढवला आणि हात लांब करून पाहिले. मग विचारले, “पेढीचे नाव बदललेस का?”

नाव तेच होते. अक्षरे बदलली होती. जुन्या पाकिटावरील नाव फार पूर्वी गावातील एका पेंटरने हाताने रंगवले होते. त्यातला एक काना वाकडा, एक वेलांटी गरजेपेक्षा मोठी. मुलीने ती अक्षरे काढून स्वच्छ, प्रमाणबद्ध अक्षरे बसवली होती.

“ती अक्षरे सदोष होती, आजोबा.”

“असतील. पण बाळ, आपल्याकडे मिरज-तासगावच्या खेड्यांतून बाया येतात. कित्येक जणी नाव वाचत नाहीत, नाव बघतात. ती मोठी वेलांटी दिसली की पाकीट आपले, हे त्यांना कळते. पेंटरने ती का काढली, मला ठाऊक नाही. कारण तेव्हा नसेलही. पण इतकी वर्षे लोकांनी तिच्यावर विश्वास ठेवला, हे आता कारण झाले ना?”

मुलगी गप्प राहिली. मग तिने वहीचे मागचे पान उघडले आणि पोथीच्या टिपणापुढील शिक्षकांचे ते प्रश्नचिन्ह पाहिले. दोरा गेल्यानंतरही मोकळी जागा का उरली, याचे उत्तर तिला पेढीवर मिळाले होते. वाचणाऱ्याच्या डोळ्याला जी जागा ओळखीची झाली, तिला दोऱ्यापलीकडे दुसरे कारण लाभले होते. तिने पेन्सिलीने पाकिटावरील नावाला काट मारली आणि शेजारी लिहिले: ‘जुनी अक्षरे ठेवणे. फक्त काना सरळ करणे.’

“कानाही राहू दे,” आजोबा म्हणाले.

“काना सरळ करीन, आजोबा. छपाईत तो शेजारच्या अक्षराला चिकटतो. वेलांटी तशीच ठेवते.”

यावर आजोबांनी वाद घातला नाही. कारण दिले गेले होते.

वडिलांनी मात्र आपला नमुना सोडला नव्हता. “हे सगळे खरे असेल,” ते म्हणाले, “पण फळीवर गिऱ्हाईक दोन मिनिटे थांबत नाही. ओळखीच्या पाकिटासारखे दिसले तर हात जातो. धंदा असाच चालतो.”

मुलीने उत्तर देण्याआधी आजोबाच बोलले. “हात जातो, पण दुसऱ्याच्या नावावर जातो. त्या पाकिटात उद्या काही दोष निघाला, तर आपलेही पाकीट लोक परत आणतील. आणि आपला माल आवडला, तर पुढच्या वेळी त्याचे घेऊन जातील. तोट्यात भागीदार आणि नफ्यात परका, असा करार तू कोणाशी केला असतास?”

वडिलांनी लगेच होकार दिला नाही. अनेक वर्षांच्या धंद्याचा अनुभव एका संध्याकाळी बाजूला ठेवता येत नाही, आणि ठेवूही नये. शेवटी ठरले ते व्यापाऱ्याच्या रीतीने. छापखान्याचा नमुना रद्द झाला. मोठी पाकिटे जुन्याच रूपात चालू राहतील. २०० ग्रॅमचे निळे पाकीट एका लहान खेपेपुरते छापून फक्त पेढीवर आणि ओळखीच्या काही दुकानांत ठेवायचे. गुढीपाडव्याला विक्री पाहून पुढचे ठरवायचे. मुलीला ही चाचणी आपल्या प्रशंसेपेक्षा अधिक आवडली असावी. कारण फळीवरचा निकाल वर्गात मिळत नाही.

निघताना आजोबांनी तिला थांबवले. “याचे बिल दे.”

“घरच्या कामाचे कसले बिल?”

“घरचा माल घरी वापरला तरी वहीत नोंद होते. हे काम झाले. त्याची किंमत लाव.”

अमेरिकेतील पोर्टलंड येथे १९७१ साली कॅरोलिन डेव्हिडसन या ग्राफिक डिझाइनच्या विद्यार्थिनीने एका नव्या पादत्राण कंपनीसाठी एक चिन्ह काढले आणि त्याचे ३५ डॉलर घेतले. ती कंपनी म्हणजे नाइकी, आणि ते चिन्ह आज जगभर ओळखले जाते. १९८३ मध्ये कंपनीने तिला अंगठी आणि कंपनीचे शेअर देऊन कृतज्ञता व्यक्त केली. ही गोष्ट नवलाची म्हणून सांगितली जाते. पण तिच्यातली खरी नोंद पहिली आहे: रक्कम लहान होती, तरी विद्यार्थिनीच्या कामाचे बिल झाले आणि ते चुकते केले गेले.

मुलीने भीत भीत एक आकडा सांगितला. आजोबांनी वडिलांकडे पाहिले. वडिलांनी संगणकावरील हिशोबात नवे खाते उघडले, ‘वेष्टन रचना’ असे नाव दिले आणि रक्कम नावे टाकली. तपशिलाच्या जागी काय लिहावे, असे त्यांनी विचारले. मुलगी सांगत गेली आणि ते टंकत गेले: निळा रंग, खिडकी रद्द, छायाचित्राची छटा मालाप्रमाणे, वजनाचे अंक मोठे, जुनी अक्षरे कायम. तिसऱ्या वर्षाच्या शुल्काविषयी त्या संध्याकाळी कोणी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांनी ते भरण्याची शेवटची तारीख विचारली.

आपल्या घरांतून आता अनेक मुले-मुली अशा नव्या वाटा निवडत आहेत. त्यांच्या कामाचे कौतुक करायचे की काळजी, हा प्रश्न पालकांना पडतो. या दोहोंपेक्षा उपयुक्त अशी तिसरी गोष्ट प्रत्येक व्यापारी घराला येते: शेजारी बसून, आवाज न चढवता, प्रत्येक नोंदीचे कारण विचारणे. जे मूल कारण सांगू शकते, त्याने विद्या घेतली आहे असे समजावे. आणि आपल्या प्रश्नाने त्याची एखादी चूक दुरुस्त झाली, तर आपल्या अनुभवाचीही जमा बाजूला नोंद झाली असे मानावे.